माया नसलेला कुर्ता

शनिवारी सकाळी आमच्या कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांनी माझा नवा कुर्ता उलटा केला, बगलेच्या शिवणीवरून अंगठा फिरवला आणि तसाच घडी घालून परत माझ्या हातात दिला. म्हणाले, ‘‘ताई, यात मायाच नाही. मी उसवू काय?’’

कुर्ता तुमच्याही ओळखीचा असेल. गेली दोन वर्षं ज्याला त्याला वेड लावलेला अजरखछाप, विटकरी रंगावर निळी चांदणी, कापड रेयॉन. आषाढ सेलमध्ये साडेचारशेला घेतला. आषाढात सेल लागतात ते काही उगाच नाही. लग्नं थांबलेली असतात, पावसानं गिऱ्हाईक घरात बसलेलं असतं आणि श्रावणापासून गणपतीपर्यंतचा नवा माल यायच्या आत दुकानदाराला उन्हाळ्याची मांडणी रिकामी करायची असते. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्केच जीएसटी आहे. आधी ही मर्यादा हजारापर्यंत होती. म्हणजे मध्यम किमतीच्या कपड्यांसाठी दिवस बरे आहेत. मी पुण्याच्या तुळशीबागेत गेले ती याच भरवशावर.

पहिल्या धुण्यात कुर्ता छातीत जवळजवळ इंचभर आटला. रेयॉनचं हे असंच असतं. लाकडाच्या लगद्यापासून काढलेला धागा. कारखान्यात ताणून सपाट केलेला असतो, पाण्यात पडला की मूळ जागी जातो. खरा अजरख असा फसवत नाही. भुजजवळच्या अजरखपूरमध्ये, २००१ च्या भूकंपानंतर धमडक्याहून आलेल्या खत्री कारागिरांनी वसवलेल्या गावात, ते सुती कापड निळीत आणि मंजिष्ठेत रंगवताना इतक्या वेळा धुतात की आपल्या घरच्या धुण्याचं त्याला काही वाटत नाही. पण तो साडेचारशेत येत नाही, आणि येऊही नये.

मला बोलायचं आहे ते मायेबद्दल.

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात त्याला मराठीत माया म्हणतात. हा शब्द ज्या कोणा शिंपिणीनं पहिल्यांदा वापरला असेल तिला माझा नमस्कार. आईच्या ब्लाऊजना बगलेत दोन्हीकडे दीड-दीड इंच माया असायची आणि आत एकाशेजारी एक अशा तीन शिलाया. अंग भरलं की सगळ्यात आतली शिलाई उसवायची. ब्लेडच्या टोकानं एकेक टाका उचलताना मी कितीदा पाहिलं आहे तिला. शिलाई सुटली की आतून कापडाची एक उभी पट्टी बाहेर यायची, दुकानातून आणल्या दिवशीच्या रंगाची. बाहेरचा जांभळा धुऊन धुऊन फिका झालेला आणि ही पट्टी गर्द, जुन्या टाक्यांच्या बारीक भोकांची ओळ अंगावर घेऊन. आई ती पट्टी हातानं सारखी करायची आणि म्हणायची, ‘‘दोन-तीन धुण्यांत मिसळेल.’’ मिसळायचीही. माझ्या लग्नाआधीचा तिचा एक ब्लाऊज माझ्या मुलीच्या बारशालाही आईच्या अंगावर होता.

आता कुर्त्याला ओव्हरलॉकची पाव इंच शिवण असते आणि त्यापलीकडे काही नसतं. कारण सोपं आहे. कारखान्यात कापडाचे थरावर थर अंथरून एकदम कटिंग होतं आणि कपड्याच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा कापडाचाच. एका कुर्त्यामागे चार बोटं वाचली की हजार कुर्त्यांमागे ताग्याचे तागे वाचतात. व्यापाऱ्याचा हिशेब मला कळतो. मला पटत नाही ते वेगळंच आहे. ज्या बाईला साडेचारशे रुपये मोजून द्यावे लागतात, तिलाच तो कुर्ता तीन वर्षं चालवायचा असतो. दोन हजारांचा कुर्ता घेणारी तो आटला तर दुसरा घेईल. माया सगळ्यात आधी हवी ती स्वस्त कपड्यात, आणि तिथूनच ती सगळ्यात आधी गेली.

बाईचं अंग काही पुतळ्याचं नसतं. बाळंतपणात वाढतं, आजारपणात उतरतं, पन्नाशीच्या आसपास कमरेत भरतं. काहींचं तर महिन्याच्या महिन्यात कमीजास्त होतं. पूर्वी कपडा हे सगळं धरून शिवलेला असायचा. आता अंग बदललं की बाई स्वतःलाच बोल लावते, ‘‘मीच सुटले आहे’’ म्हणते आणि चांगला कपडा बोहारणीला देते. मागे मी कपड्यांच्या खिशांवर लिहिलं तेव्हा तुमच्यापैकी कितीजणींनी असंच काही लिहून पाठवलं होतं.

मी पावसातून दुकानात परत गेले. तिथला मुलगा सभ्य होता. ‘‘ताई, या रेटला असंच येतं. एक साईज मोठी घ्या.’’ मोठी घालून पाहिली. छातीत झाली, पण खांदा दोन बोटं खाली उतरला आणि मुंढा लोंबायला लागला. मोठी साईज हा मायेला पर्याय नाही, हे शिवणक्लासच्या पहिल्या महिन्यात कळतं.

शेवटी काकांनीच मार्ग काढला. त्यांच्या पेटीत निळ्या सुती कापडाचा तुकडा होता. तो दोनदा धुऊन त्यांनी दोन्ही बगलांत पानाच्या आकाराच्या कळ्या जोडल्या आणि आत बोटभर माया ठेवली. कुर्ता आता अंगात बसतो, हातही नीट वर होतो. शिलाई एकशे वीस रुपये झाली, आणि ते मी आनंदानं दिले.

सेल लागला की जरूर जा. रंग, छाप, गळा, सगळं बघा. बघायलाच जायचं असतं. पण पैसे द्यायच्या आधी कपडा उलटा करा, बगलेची शिवण दोन बोटांत धरा आणि दुकानदाराला मोठ्यानं विचारा, ‘‘यात माया किती आहे?’’ त्याला शब्द माहीत नसेल तर सांगा. घाऊक बाजारात माल उचलायला तोच जातो. आपण इथे विचारलं तर तो तिथे विचारेल.