बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह चालत नाही? आधी वायर पाहा

लग्नाच्या, बारशाच्या सीडी-डीव्हीडी कपाटात पडून आहेत आणि मुलांच्या नव्या लॅपटॉपला त्या घालायची जागाच नाही. मग बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणतो. तो नुसता टक्-टक् करतो, डिस्क फिरत नाही. लगेच दुरुस्तीवर पैसे घालू नका.

पुष्कळदा कारण अपुऱ्या विजेचे असते. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५०० आणि ३.० मधून ९०० मिलिअँपिअर वीज मिळते. डिस्क फिरू लागताना त्याहून जास्त लागू शकते. म्हणून ड्राइव्ह हबला न लावता थेट लॅपटॉपला लावा. वायरीला दोन यूएसबी तोंडे असतील तर दोन्ही लावा. फक्त टाइप-सी पोर्ट असेल तर अॅडाप्टर घ्या. नुसत्या चार्जिंगच्या वायरीतून माहिती जात नाही.

ड्राइव्ह दिसतो, पण चित्र येत नाही? विंडोज १० व ११ मध्ये डीव्हीडीवरचा चित्रपट दाखवण्याची सोय मुळात नसते. व्हीएलसी हा मोफत प्रोग्राम घ्या. डिस्क मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल फिरवून नको. ट्रे अडकला तर ड्राइव्ह बंद करून पुढच्या बारीक भोकात सरळ केलेली पेपर क्लिप हलकेच दाबा.

डिस्क एकदा चालली की त्याच दिवशी सगळे पेनड्राइव्हवर उतरवा, दुसरी प्रत नातेवाइकांकडे ठेवा. डिस्कही खराब होतात. आपल्यातून गेलेल्या माणसाचा आवाज बाजारात विकत मिळत नाही.