कोण म्हणालं, ते सांगा

मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही विचारा, इंग्रजी व्याकरणातला सर्वांत रटाळ भाग कोणता? बहुतेक जण ‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’ असं सांगतील. ‘सेड टू’चं ‘टोल्ड’, ‘नाऊ’चं ‘देन’, ‘हिअर’चं ‘देअर’, ‘टुमॉरो’चं ‘द नेक्स्ट डे’... पाढ्यांसारखं पाठ करायचं. पेपरात वाक्य आलं की अवतरणचिन्हं काढायची, मध्ये ‘दॅट’ घालायचं आणि काळ एक पायरी मागे ढकलायचा. झालं! परीक्षा संपली की विसरायला मोकळे.

माझं मत विचाराल तर व्याकरणातला हा सर्वांत उपयोगाचा धडा आहे, आणि तोच आपण सर्वांत वाईट रीतीने शिकवतो.

मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली. शाळेत मात्र वर्षानुवर्षं इंग्रजीचे तासही माझ्याकडे असत. आठवी-नववीच्या वह्यांत एक चूक हमखास भेटायची. ‘माय फादर टोल्ड मी दॅट आय अ‍ॅम इल.’ मुलाला सांगायचं असतं की वडील आजारी आहेत. वाचणारा इंग्रज मात्र त्या मुलाच्याच कपाळाला हात लावून बघेल! अशा वाक्याखाली लाल रेघ पडते, ‘नियम पाठ करा’ असा शेरा मिळतो.

पण हेच वाक्य मराठीत म्हणून बघा. ‘बाबा म्हणाले की मला बरं नाही.’ अगदी बरोबर! कोणाला बरं नाही? बाबांना. मराठीत दुसऱ्याचं बोलणं सांगताना आपण त्याचा ‘मी’ तसाच ठेवतो, काळही तसाच ठेवतो. संस्कृतात बोललेले शब्द जसेच्या तसे ठेवून शेवटी ‘इति’ लावत. आपण ‘की’, ‘असं’ किंवा ‘म्हणून’ लावतो. ‘येतो म्हणून सांगितलंय त्याने,’ हे घरोघरी ऐकू येतं. म्हणजे त्या पोराने मराठीची रीत इमानाने पाळली आणि म्हणून ते इंग्रजीत चुकलं. ते ‘ढ’ नाही. पण हे त्याला कोणी सांगतच नाही.

इंग्रजीची रीत वेगळी. सांगणारा जिथे उभा आहे, तिथूनच सगळं बघायचं. बोलणाऱ्याचा ‘मी’ सांगणाऱ्याच्या दृष्टीने ‘तो’ होतो. बोलणाऱ्याचं ‘आज’ आठवड्याने सांगताना ‘त्या दिवशी’ होतं. एवढी एक गोष्ट नीट कळली की कोष्टकाचं काम फारसं उरत नाही.

उलट कोष्टक आंधळेपणाने वापरलं तर घोटाळा होतो. समजा, मुख्याध्यापक सकाळी प्रार्थनेच्या वेळी म्हणाले, ‘परीक्षा उद्या इथेच होईल.’ त्याच दुपारी, त्याच शाळेत, उशिरा आलेल्या मित्राला निरोप सांगताना तुम्ही ‘हिअर’चं ‘देअर’ केलंत, तर तो बिचारा ‘तिथे’ म्हणजे कुठे ते शोधत फिरेल. जागा तीच, दिवस तोच, मग बदलायचं कशाला? रेन आणि मार्टिनच्या जुन्या, प्रसिद्ध व्याकरणातही हा इशारा दिलेला आहे. पण पुस्तकातून गाईडमध्ये आणि गाईडमधून फळ्यावर येईपर्यंत इशारा गळतो, कोष्टक तेवढं उरतं. दुसऱ्याचं बोलणं कसं सांगावं हे शिकवणारा धडाच आपण असा अर्धवट सांगतो, काय म्हणावं!

आता याहून महत्त्वाचा मुद्दा. ‘सेड’च्या जागी कोणतं क्रियापद घालायचं? गाईड सांगतं, ‘प्लीज’ असेल तर ‘रिक्वेस्टेड’, ‘अलास’ असेल तर ‘एक्सक्लेम्ड विथ सॉरो’. पण ‘तिकडे जाऊ नकोस’ या वाक्याचं काय करणार? आईने काळजीने म्हटलं असेल तर तो सल्ला. नदीला पूर आला असेल तर इशारा. साहेबाने म्हटलं असेल तर मनाई. आणि गुंडाने म्हटलं असेल तर चक्क धमकी. शब्द तेच. निवड सांगणाऱ्याने करायची, आणि तिची जबाबदारीही त्याचीच. आपल्या मराठीत तर केवढी श्रीमंती आहे! सांगितलं, सुचवलं, बजावलं, विनवलं, दटावलं, ठणकावलं, कुरकुरला, पुटपुटली... पोलिसांनी पकडलेल्या माणसाने काही ‘सांगितलं’ असं छापणं वेगळं आणि ‘कबूल केलं’ असं छापणं वेगळं. त्या एका क्रियापदाने वाचकाच्या मनात तो माणूस गुन्हेगार ठरून जातो, खटला उभा राहायच्या आधीच. हा फरक कळणं दोन-चार गुणांपेक्षा नक्कीच मोठं आहे.

कोण म्हणालं ते सांगून मग बोलायचं, ही शिस्त आपल्याकडे जुनी आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी, ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या त्यांना गाठून, विचारून गोळा केल्या. त्यातून ‘लीळाचरित्र’ उभं राहिलं. मराठी गद्याच्या आरंभीचा हा ग्रंथ, आणि त्याचा जीव आहे तो कोण काय बोललं हे जपून नोंदवण्यात.

शिवाय मराठीकडे एक छोटासा शब्द आहे, त्याची सर इंग्रजीतल्या लांबलचक ‘रिपोर्टेडली’ला येत नाही. तो म्हणजे ‘म्हणे’. ‘त्याने घर विकलं,’ आणि ‘त्याने घर विकलं म्हणे.’ दुसऱ्या वाक्यात मी हात वर केले. मी ऐकलं, पाहिलेलं नाही, हे तुम्हाला कळलं. कोर्टातही हाच विवेक लागतो. १८७२च्या पुरावा कायद्यात होतं आणि १ जुलै २०२४पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे, की तोंडी साक्ष प्रत्यक्ष पाहिल्या-ऐकल्याची हवी. ऐकीव गोष्ट, काही अपवाद सोडले तर, चालत नाही.

हल्ली मोबाइलवर येणाऱ्या निरोपांतून नेमका हा ‘म्हणे’ गळालाय. अमक्या डॉक्टरांनी सांगितलं, तमक्या शास्त्रज्ञाने शोधलं... कधी, कोणाला, कोणत्या शब्दांत? काही पत्ता नाही. पुढे पाठवणारी माणसं शिकलेली असतात, आमच्यासारखी निवृत्त मंडळी तर जास्तच! २०१८ साली व्हॉट्सअ‍ॅपने अशा निरोपावर ‘फॉरवर्डेड’ असं लिहायला सुरुवात केली. म्हणजे काय, तर यंत्रालाच ‘म्हणे’ लावावं लागलं, कारण माणसं लावेनाशी झाली.

कोणी म्हणेल, पन्नास-साठ मुलांच्या वर्गात एवढं कोण समजावत बसणार? कोष्टक सोयीचं पडतं. ती अडचण खरी आहे, मी त्याच वर्गांत आयुष्य काढलंय. पण दोन गोष्टी करायला जादा तास लागत नाहीत. एक म्हणजे हा धडा मराठीतून सुरू करावा. एका मुलाने दुसऱ्याला निरोप द्यावा, त्याने तो तिसऱ्याला पोचवावा, आणि ‘मी’ म्हणजे कोण, ‘इथे’ म्हणजे कुठे, यावर वर्गाने भांडावं. मग इंग्रजीकडे वळावं. दुसरी गोष्ट म्हणजे पेपरात नुसतं सुटं वाक्य देऊ नये. कोण, कोणाला, कधी आणि कुठे सांगतंय, हे एका ओळीत द्यावं. मग पाठांतर आपोआप मागे पडेल, मुलाला डोकं चालवावंच लागेल. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. दहावीपर्यंत दहा वर्षं हाताशी असताना एवढं जमू नये?

तुमच्या घरात नववी-दहावीतलं मूल असेल तर आज त्याला शेजारी एखादा निरोप घेऊन पाठवा आणि उत्तर आणायला सांगा. परत आल्यावर एवढंच विचारा, ‘हे ते म्हणाले, की तुला तसं वाटलं?’ बघा काय उत्तर येतं ते.