घरच्या वहीचें पुस्तक

वडिलांची अथवा आजोबांची आठवणींची वही कपाटांत सांपडली, कीं ती स्वखर्चानें छापून आप्तेष्टांस वांटावी असा विचार हल्लीं पुष्कळ घरांतून निघतो. विचार स्तुत्य आहे. परंतु छपाईस किती रुपये पडतील हा प्रश्न सर्वांस आधीं सुचतो, आणि वहींतला मजकूर जसाच्या तसा छापावयाचा कीं कसें, हा मात्र अक्षरजुळणी पुरी झाल्यावर, म्हणजे फार उशिरां, पुढें येतो.

आमच्या नवी मुंबईहून पेण कांहीं फार दूर नाहीं. त्या पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेनें १८५७ सालीं उत्तरेकडे गेले आणि बंडाच्या वणव्यांत सांपडले. ती हकीकत त्यांनीं पुढें चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून लिहून काढली. वैद्यांनीं ती 'माझा प्रवास' या नांवानें १९०७ सालीं प्रसिद्ध केली, पण भाषेंत फेरफार करून व कांहीं मजकूर गाळून. भटजींचे मूळ शब्द वाचकांच्या हातीं पडण्यास दत्तो वामन पोतदारांची १९६६ ची आवृत्ति यावी लागली. मध्यें एकोणसाठ वर्षें गेलीं. वैद्यांस दोष देण्याचें मला धैर्य नाहीं. त्यांनीं छापलें नसतें तर भटजी आज कोणास ठाऊक असते? शिवाय मूळ हस्तलिखित त्यांनीं जपून पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळास दिलें, म्हणून तर पुढची आवृत्ति निघूं शकली. घरोघरीं असें घडत नाहीं. पुस्तक छापून आलें कीं वही रद्दींत जाते.

नेरुळच्या एका परिचित कुटुंबांत गेल्या वर्षीं हाच प्रसंग आला. आजोबांनीं वहींत लिहिलें होतें कीं, चौदाव्या वर्षीं विधवा झालेल्या धाकट्या बहिणीच्या केशवपनास न्हावी मीं स्वतः बोलावून आणला, आणि ती माझ्याशीं त्यानंतर कधींही मोकळेपणानें बोलली नाहीं. थोरल्या काकांचें म्हणणें, हें पान गाळावें. आत्याची विटंबना चारचौघांत कशाला? धाकट्या काकू एरवीं त्यांच्यासमोर बोलत नाहींत, पण त्या म्हणाल्या, "मामंजींनीं शाईनें लिहून ठेवलें, खोडलें नाहीं. मग आपण खोडणारे कोण?" मला विचारलें तेव्हां मीं काकूंच्या बाजूनें कौल दिला. हयात माणसाविषयीं कांहीं असेल तर त्याची परवानगी घ्यावी. ती न मिळाल्यास मजकूर गाळावा आणि गाळल्याची खूण म्हणून टिंबें द्यावींत. दिवंगताचा कबुलीजबाब मात्र आपल्या अब्रूसाठीं पुसूं नये. पान राहिलें. पुढें निराळीच अडचण निघाली. वहींत सर्वत्र 'ताई' एवढेंच. तिचें नांव कोणासच आठवेना. तें अखेर नाशिकच्या क्षेत्रोपाध्यायांच्या चोपडींत मिळालें, आणि टीप म्हणून छापलें. काकांनीं तें स्वतः जाऊन आणलें, हें सांगितलें पाहिजे.

जुन्या लेखनांतले अनुस्वार ठेवावे कीं १९६२ च्या नियमांप्रमाणें काढावे, असेंही विचारतात. मी ठेवावे म्हणतों. संपादक या सदरांत मला ते ठेवूं देतात, तर आजोबांवर सक्ति कां?

आतां छापखान्याचें. पुस्तकाचा हिशेब सोळा पानी फॉर्मांवर चालतो, म्हणून एकूण पानें सोळाच्या पटींत बसवावींत. शंभर प्रतींपर्यंत डिजिटल छपाई बरी. ऑफसेटचा प्लेटांचा खर्च दहा प्रती काढा कीं हजार, तेवढाच येतो. जुन्या फॉन्टमधली जुळणी युनिकोडमध्यें आणतांना रफार व जोडाक्षरें बिघडतात, यासाठीं त्यानंतर मुद्रितें पुन्हा वाचावींत. एकानें वही मोठ्यानें वाचावी व दुसऱ्यानें मुद्रित पाहावें. एकट्यानें डोळ्यांनीं वाचलें कीं मन चुकीचें अक्षर बरोबर करून घेतें.

आयएसबीएन क्रमांक दिल्लीच्या सरकारी संस्थेकडून विनामूल्य मिळतो. १९५४ च्या कायद्यान्वयें प्रसिद्धीपासून तीस दिवसांत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास व अन्य तीन ग्रंथालयांस प्रति पाठवावी लागते. त्यांत मुंबईचें मध्यवर्ती ग्रंथालय आहे. घरगुती पुस्तकास हें कशाला, असें म्हणूं नये. घरच्या प्रती तीन पिढ्यांत वाळवीच्या स्वाधीन होतात. मूळ वही मात्र छापखान्यांत देऊं नये. तिची छायाप्रत द्यावी.