माघारीलाही नियम हवेत
चौथीतल्या मुलालाही शिवाजी महाराजांचा पुरंदरचा तह शिकवला जातो. जून 1665, समोर मिर्झाराजे जयसिंग. 23 किल्ले मोगलांना, 12 स्वराज्यात. 1670मध्ये सिंहगड आणि पुरंदर पुन्हा ताब्यात आले. त्याआधी, जुलै 1660च्या पावसात महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून विशाळगडाकडे निसटले होते.

इतिहासात माघारीला एवढं मोल, मग टेबलावरच्या अद्भुत भूमिकाखेळांतली प्रत्येक लढाई शेवटचा राक्षस पडेपर्यंतच का चालावी?

1974मध्ये आलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या अशाच खेळाच्या 1981च्या प्राथमिक संचात याचं चोख उत्तर होतं. शत्रूचा पहिला गडी पडला किंवा निम्मे गारद झाले, की खेळ चालवणारा सूत्रधार दोन फासे टाकणार. बेरीज त्यांच्या धैर्याच्या आकड्यापेक्षा जास्त आली, तर ते पळणार किंवा शरण येणार. पण हा नियम तेव्हाही ऐच्छिक होता आणि 2014च्या आवृत्तीतही असा नियम ऐच्छिकच राहिला. हे नुकसानच! शरण आलेला गॉब्लिन वाट दाखवतो, धन्याचं नाव सांगतो, तहाच्या अटी घालतो.

खेळाडूंनाही माघारीची वाट मोकळी हवी. दार बंद करून, पुलाचे दोर कापून सूत्रधाराने त्यांना झुंजायला लावू नये. आणि कैद्याला मारणाऱ्या टोळीची कीर्ती पुढच्या गुहेपर्यंत पोहोचलीच पाहिजे: तिथे मग कुणीही शस्त्र खाली ठेवणार नाही.