टॉवर, भोंगा आणि एक चुकीचा शब्द

काही दिवसांपूर्वी मोहल्ल्यातल्या चार-पाच जणांनी माझ्यावर एक काम सोपवलं. आमच्या गल्लीतल्या एका घराच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर बसणार अशी बातमी होती. घरमालकाची कंपनीशी बोलणी झाली होती, भाडंही ठरलं होतं म्हणे. ‘तुम्ही लिहिता-बिहिता, ग्रामपंचायतीला द्यायचा अर्ज तुम्हीच लिहा,’ असा हुकूम झाला. इशाची नमाज आटोपून बसलो आणि अर्ध्या तासात अर्ज तयार केला. ‘सदर टॉवरमधून होणाऱ्या घातक किरणोत्सर्गामुळे परिसरातील नागरिकांच्या जीवितास धोका निर्माण झाला असून...’ अशी दणदणीत सुरुवात. हे वाक्य मी रचलं नव्हतं. वर्षानुवर्षं पेपरमध्ये वाचून ते बोटांत बसलं होतं.

इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला असलेली माझी भाची तेव्हा सुट्टीत आमच्याकडे राजूरला आली होती. तिने कागद वाचला आणि म्हणाली, “मामू, हे वाक्य खोडा. शब्दच चुकीचा आहे.”

“कोणता?”

“किरणोत्सर्ग. तो युरेनियम-रेडियममधून होतो. हिरोशिमावाला. टॉवरमधून रेडिओलहरी निघतात, त्याला प्रारण म्हणतात.”

प्रारण हा शब्द मला माहीत नव्हता, हे कबूल करतो. इतकी वर्षं मराठीत लिहितोय, ही काही मिरवण्यासारखी गोष्ट नाही. इंग्रजीत रेडिएशन हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो. मराठीत शास्त्रज्ञांनी दोन वेगळे शब्द करून ठेवले होते आणि आपण त्यातला भीतीदायक तेवढा उचलला. अणूच्या गाभ्यातून निघणाऱ्या किरणांत अणूतले इलेक्ट्रॉन उडवून लावायची ताकद असते. मोबाईलच्या लहरींत ती नसते. तीव्रता खूप वाढली तर त्या शरीर तापवतात, आणि सरकारी मर्यादा ठरवल्या जातात त्या मुख्यतः या तापण्याच्या हिशेबाने. पण ‘किरणोत्सर्ग’ म्हटलं की टॉवर आणि अणुबॉम्ब एकाच पंगतीला बसतात. मग पुढे कोणाला काही विचारायचं उरत नाही.

हे सगळं तिला कॉलेजात शिकवलं होतं का? थोडंसं. अँटेना हा विषय शेवटच्या आठवड्यात उरकला, असं ती म्हणाली. बाकीचं तिने मोबाईलवर शिकलं. एनपीटीईएल हा आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएस्सीने 2003 मध्ये सुरू केलेला उपक्रम. तिथे आयआयटी मुंबईचे प्रा. गिरीश कुमार यांचा ‘अँटेनाज’ नावाचा संपूर्ण कोर्स आहे. डायपोलपासून यागी-उडा आणि डिशपर्यंत, सगळी व्याख्यानं फुकट. रात्री नेटवर्क जरा बरं असतं, तेव्हा उतरवून घ्यायची आणि दुपारी बाजेवर पडून बघायची. वेग कमी करून, थांबवून, वही भरत. पहिली दोन व्याख्यानं तिने तीन-तीनदा ऐकली. गणित अडलं नव्हतं, इंग्रजी अडलं होतं.

‘यूट्यूबवर बघून कोणी इंजिनिअर होतं का?’ असं आमच्याकडे हसत विचारतात. मीही विचारलं होतं. म्हणून तिने मला जे शिकवलं ते जसंच्या तसं सांगतो.

अँटेना सगळीकडे सारखी लहर फेकत नाही. सगळीकडे सारखी फेकणारी अँटेना फक्त कागदावर असते, तुलनेसाठी. खरी अँटेना काही दिशांना जास्त देते, काहींना कमी, आणि एखाद्या दिशेला जवळपास काहीच नाही. कोणत्या दिशेला किती, याचं चित्र म्हणजे रेडिएशन पॅटर्न. उभा दांडा असलेली साधी डायपोल घ्या. तिचं चित्र मेदूवड्यासारखं. दांडा वड्याच्या भोकात उभा, लहर चहूबाजूंना आडवी पसरलेली आणि दांड्याच्या टोकांच्या दिशेने शून्य. वडा मधोमध कापला तर इंग्रजी आठचा आकडा दिसतो. अँटेना पाठवते ज्या आकारात, घेतेही त्याच आकारात.

हे ऐकताना मला माझं लहानपण आठवलं. दूरदर्शनच्या काळात आमच्या कौलांवर माशाच्या काट्यासारखी अँटेना होती. रविवारी सकाळी मी वर आणि खाली अब्बा. “आलं का?” “आलं, आलं... गेलं! तिथेच धर!” काटा जरा फिरवला की चित्रात मुंग्या. तीच ही यागी-उडा, 1926 मध्ये जपानमध्ये शोधलेली. हजारो घरांतली पोरं दर रविवारी कौलांवर चढून रेडिएशन पॅटर्न मोजत होती. त्याला नाव आहे, ते वहीत काढता येतं, त्यावर परीक्षा असते, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. माझी तक्रार काही असेल तर एवढीच.

भाचीला चित्र नुसतं बघून समाधान नव्हतं. राजूरला चुन्याची काय कमी? तिने गच्चीवर फक्कीने पाच पावलांचं वर्तुळ आखलं, मध्ये प्लास्टिकच्या स्टुलावर एका दांडीचा जुना राउटर ठेवला आणि दांडी आडवी केली. मग मोबाईल एकाच पद्धतीने धरून वर्तुळावर दर तीस अंशांना थांबायचं, सिग्नलचा आकडा वाचायचा, मी तो लिहायचा. बारा जागा, प्रत्येक जागी पाच वेळा. आमच्या घरातल्यांनी हा प्रकार मुंडेरीवरून पाहिला आणि चहा करायला निघून गेले. आलेखावर आकडे मांडले तेव्हा आठचा आकडा आला, पण दबलेला, वाकडा. दांडीच्या टोकासमोर आकडा दहा-बारा डेसिबलने पडला होता, शून्य मात्र कुठेच नव्हतं. पाण्याच्या टाकीच्या बाजूला तर उलट चढला होता. ती म्हणाली, भिंती, टाकी, शेजारचं टिनाचं छप्पर यांवरून लहरी परत फिरतात. म्हणूनच खरी मोजणी लहरी शोषणाऱ्या बंद खोलीत करतात. व्याख्यानात हे तिने ऐकलं होतं, पण पटलं टाकीपाशी.

टॉवरवर येऊ. टॉवरवरचे ते लांबट पांढरे खोके म्हणजे एकावर एक रचलेल्या लहान अँटेनांची रांग. रांग जितकी उंच, तितका झोत वरून-खालून चपटा. कव्वालीत दहा जणांच्या टाळ्या एकाच वेळी पडल्या की समोर बसलेल्याला एकच कडाका ऐकू येतो. रांगेच्या टोकाला, अगदी बाजूला कान लावला तर प्रत्येक टाळी जरा मागेपुढे पोचते आणि कडाका विस्कटतो. लहरींचंही तसंच. समोर सगळ्या एकात एक मिसळून वाढतात, वर-खाली एकमेकींना खोडतात. म्हणून झोत आडवा रुंद, साधारण 65 अंश, आणि उभा जेमतेम सहा ते दहा अंश. एका टॉवरवर असे खोके तीन दिशांना लावले की गाव झाकलं जातं.

आमच्या लोकांना हे सांगायचं कसं? मी म्हटलं, मशिदीचे भोंगे आहेत ना. मिनारावर चार दिशांना चार. मिनाराच्या बुडाशी उभं राहिलं तर अजान ऐकू येते, पण कानठळ्या बसत नाहीत. कानठळ्या बसतात समोरच्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर, भोंग्याच्या तोंडाच्या रेषेत. (त्या घरातला माणूस आवाज कमी करा म्हणाला तर तो दीनचा दुश्मन ठरत नाही, त्याची खोली फक्त त्या रेषेत असते. हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) टॉवरचंही असंच. ज्याच्या गच्चीवर टॉवर, त्याच्या घरात सगळ्यात जास्त लहरी, हा समज बहुतेक वेळा उलटा असतो.

मग तिने हिशेब मांडला. अँटेना जमिनीपासून 20 मीटर उंच, झोत पाच अंश खाली कललेला, तर झोताचा मध्य साधारण 230 मीटरवर जमिनीला टेकतो. अँटेनाला 20 वॅट दिले आणि झोताच्या दिशेने ती 17 डेसिबल, म्हणजे पन्नासपट, वाढवते असं धरलं, तर त्या 230 मीटरवर चौरस मीटरला 0.0015 वॅट पोचतात. भारतात 1 सप्टेंबर 2012 पासून मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली गेली. 900 मेगाहर्ट्झला ती 0.45 वॅट होती. म्हणजे आपण तीनशेपट खाली. पण त्याच झोतात, अँटेनाच्याच उंचीवर, दहा मीटर समोर खिडकी असेल तर? उत्तर 0.8 येतं. मर्यादेच्या वर. “इतक्या जवळ हे सूत्र ढोबळच असतं मामू, पण खिडकी कुठे आहे ते बघायला हवं एवढं नक्की.”

इथे माझं मत बदललं. तोवर माझ्यापुढे दोनच पक्ष होते. टॉवर म्हणजे कर्करोग म्हणणारा आणि टॉवर म्हणजे विकास म्हणणारा. दोघांकडेही चित्र नव्हतं. गंमत अशी की टॉवरविरुद्धचे जे संदेश मोबाईलवर फिरतात, त्यांत अनेकदा याच प्रा. गिरीश कुमारांचं नाव असतं. 2010 च्या डिसेंबरमध्ये त्यांनी दूरसंचार विभागाला टॉवरच्या प्रारणाबद्दल इशारा देणारा अहवाल दिला होता, आणि सरकारने ठरवलेली मर्यादा आणखी खाली आणावी असं ते सांगत आले. अनेक शास्त्रज्ञांना त्यांचे निष्कर्ष मान्य नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2011 मध्ये रेडिओलहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकलं. ‘नक्की’ किंवा ‘बहुधा’ यांच्या खालचा हा गट. वाद खरा आहे. पण संदेश पुढे ढकलणाऱ्यांपैकी कितींनी त्याच माणसाचं पहिलं व्याख्यान ऐकलं? ते त्याच मोबाईलवर आहे.

आता कोणी म्हणेल, राजूरच्या माणसाला पॅटर्न कळून करायचं काय. याचा मला राग येतो. कॉलरी आणि चुनाभट्ट्यांच्या या गावात आमच्या छातीत काय गेलंय ते आम्हाला माहीत आहे. ती धूळ डोळ्यांनी दिसते, बोटाने पुसता येते, आणि तिच्याबद्दल या मोहल्ल्याने मला एकदाही अर्ज लिहायला सांगितलं नाही. जे दिसत नाही त्याची भीती मोठी, कारण ते कुठे आहे हेच माहीत नसतं. पॅटर्न कळला म्हणजे ते कुठे आहे हे कळतं.

आणि अडचण बुद्धीची नाही. मराठी शाळेतून आलेली मुलगी लॉगॅरिदम सोडवते आणि ‘लोब’ या शब्दाला अडते, कारण तो पाकळी आहे हे कोणी सांगत नाही. मुख्य पाकळी, बाजूच्या पाकळ्या, मागची पाकळी. एवढ्या तीन शब्दांनी तिचं तिसरं व्याख्यान एका बैठकीत संपलं. आमच्याकडे इंग्रजी येणारे निवृत्त शिक्षक आहेत, कॉलरीतून निवृत्त झालेले इलेक्ट्रिशियन आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी पडद्यावर एक व्याख्यान लावून मध्ये-मध्ये थांबवत मराठीत, हवं तर आपल्या घरच्या बोलीत समजावणं, याला ना इमारत लागते ना देणगी. जलसे आम्ही पडद्यावर दाखवतोच की.

अर्ज मी पुन्हा लिहिला. ‘किरणोत्सर्ग’ काढला. विरोध असा शब्दही ठेवला नाही. तीन गोष्टी मागितल्या: अँटेना कोणत्या दिशांना आणि किती उंचीवर लागणार याचा आराखडा, समोरच्या दोन दुमजली घरांचं त्यांपासूनचं अंतर (2013 च्या सरकारी सूचनांत त्याच उंचीवर समोर एका अँटेनासाठी 20 मीटर आणि दोन असतील तर 35 मीटर सांगितले होते), आणि टॉवर सुरू झाल्यावर त्या घरांच्या वरच्या मजल्यावर मोजणी करून आकडे लेखी.

बैठकीत तो वाचून दाखवला तेव्हा अर्ध्या लोकांनी सह्या केल्या. एक चाचा नाराज झाले, “तुम्ही कंपनीवाल्यांचे झालात.” ज्यांच्या गच्चीवर टॉवर यायचा त्यांनाही अर्ज आवडला नाही, मोजणीची भानगड कशाला म्हणून. समोरच्या दुमजली घरातल्या खाला मात्र सही करायच्या आधी भाचीला हात धरून वर घेऊन गेल्या आणि खिडकी दाखवली. भाचीने गच्चीपासूनचं अंतर पावलांनी मोजलं. सोळा मीटरच्या आसपास भरलं. तो आकडा आम्ही अर्जाच्या खाली पेनाने लिहिला आणि सोमवारी अर्ज देऊन आलो.