पोलीस नसलेले न्यायालय

२६ मे २०११ च्या पहाटे सर्बियातील लाझारेवो या खेड्यात पोलिसांनी एका घराला वेढा घातला. आत सापडला तो सत्तरीला टेकलेला, एक हात अधू झालेला म्हातारा. जवळ पिस्तुले होती, पण त्याने ती उचलली नाहीत. बोस्नियातील सर्ब सेनेचा एके काळचा सेनापती रात्को म्लादिच तो हाच. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्याच्यावर आरोप ठेवले होते जुलै १९९५ मध्ये. आरोपपत्र आणि बेड्या यांच्यामध्ये सोळा वर्षे गेली.

आंतरराष्ट्रीय न्यायाची टिंगल करणाऱ्यांना एवढे पुरेसे आहे. ज्या न्यायालयापाशी एक शिपाई नाही, त्याने सेनापतींना पकडायचे कसे? प्रश्न रास्तच आहे. पण त्या सोळा वर्षांत हेगमध्ये नेमके काय चालले होते, हे पाहिल्याखेरीज त्याचे उत्तर देता येत नाही.

युगोस्लाव्हियासाठीचे हे न्यायालय सुरक्षा समितीने २५ मे १९९३ रोजी स्थापन केले, तेव्हा बोस्नियातील युद्ध ऐन भरात होते. बड्या राष्ट्रांना तेथे आपले जवान लढवायचे नव्हते. युद्ध थांबवता येत नाही तर निदान खटले तरी भरू, असा तो मामला होता. (राष्ट्रसंघाच्या तेथील शांतिसेनेचे पहिले सेनापती आपले लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. ते मूळचे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अधिकारी. मार्च १९९३ मध्ये ते तेथून परतले.) पुढच्याच महिन्यात सुरक्षा समितीने स्रेब्रेनित्सा हे गाव ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केले. ११ जुलै १९९५ रोजी म्लादिचच्या फौजा डच शांतिसैनिकांच्या डोळ्यांदेखत त्यात शिरल्या आणि पुढच्या काही दिवसांत आठ हजारांहून अधिक मुस्लिम पुरुष व मुलगे मारले गेले. न्यायालय स्थापन होऊन तेव्हा दोन वर्षे उलटली होती. खटल्याच्या धाकाने कत्तली थांबतात हा समज स्रेब्रेनित्साने कायमचा निकालात काढला, असे म्हणावे लागेल.

पण मारणाऱ्यांना धाक अगदीच नव्हता असेही नाही. तो नंतर वाटला. सप्टेंबर आणि ऑक्टोबर १९९५ मध्ये सर्ब सेनेने मोठमोठी दफनस्थाने यंत्रे लावून पुन्हा उकरली आणि प्रेते ट्रकांतून दूरच्या जागी नेऊन पुरली. हा आटापिटाच त्यांच्या अंगलट आला. विमानांतून व उपग्रहांतून घेतलेल्या छायाचित्रांत ताजी उकरलेली माती दिसली. हेगच्या तपासनिसांनी दोन्ही ठिकाणची माती, त्यातील परागकण, रिकामी काडतुसे, फुटलेल्या बाटल्यांच्या काचा, डोळ्यांवर बांधलेल्या पट्ट्यांचे कापड हे सारे ताडून पाहिले. जुळले. चिडलेल्या शिपायांनी भावनेच्या भरात केलेले हे कृत्य, असा बचाव मग टिकेना. खोदयंत्रे, ट्रक, शेकडो लिटर डिझेल यांसाठी वरून हुकूम लागतो, आणि हुकुमाचा कागद कुठे तरी उरतो. त्यात द्राझेन एर्देमोविच या शिपायाने १९९६ मध्ये स्वतःच गुन्हा कबूल केला. ब्रान्येवो येथील एका शेतावर एका दिवसात सुमारे बाराशे माणसे गोळ्या घालून मारली, त्या तुकडीत तो होता. ऑगस्ट २००१ मध्ये जनरल क्रस्तिचला शिक्षा झाली आणि स्रेब्रेनित्सात घडला तो वंशसंहार, हे न्यायालयाने नोंदवले. म्लादिच त्या वेळी मोकळाच होता. पण तो हाती येईपर्यंत त्याच्याविरुद्धचा पुरावा बव्हंशी तयार होता.

तो हाती आला कसा, ही कथा मात्र कमी उदात्त आहे. मिलोसेविचला बेलग्रेडने २८ जून २००१ रोजी हेगच्या स्वाधीन केले. दुसऱ्याच दिवशी ब्रुसेल्सला देणगीदार देशांची परिषद होती. हा योगायोग नव्हे. ज्या पंतप्रधानांनी तो निर्णय घेतला ते झोरान जिंजिच मार्च २००३ मध्ये गोळीला बळी पडले. मिलोसेविच २००६ मध्ये निकालाआधीच कोठडीत मरण पावला. त्याच वर्षी, म्लादिचला देत नाही म्हणून युरोपीय संघाने सर्बियाशी चालू असलेली बोलणी थांबवली. दोन वर्षांनी दाढी वाढवून निसर्गोपचाराचा धंदा मांडलेला कारादझिच बेलग्रेडमध्ये पकडला गेला, मग म्लादिच. फरारी आरोपी सांभाळणे सरकारला महाग पडू लागते, तेव्हाच तो सापडतो. एकूण १६१ आरोपींपैकी अखेरीस एकही फरारी उरला नाही, याचे श्रेय सदसद्विवेकबुद्धीइतकेच कर्जाच्या अटींना आहे.

मग ज्यांना कर्ज लागत नाही त्यांचे काय? न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी १९४८ मध्ये टोकियोच्या खटल्यात सर्व आरोपी निर्दोष ठरवले, ते अत्याचार झाले नाहीत म्हणून नव्हे, तर जेत्यांनी मागाहून कायदा करून पराभूतांनाच तो लावला म्हणून. १९९९ च्या नाटोच्या बॉम्बफेकीची चौकशी करण्यास हेगच्या अभियोक्त्यांनी नकार दिला, तेव्हा पालबाबूंची आठवण होणे साहजिक होते. १९९८ मध्ये रोम येथे कायमच्या न्यायालयाचा करार झाला त्या वेळी भारत तटस्थ राहिला. सुरक्षा समितीला मिळालेले खास अधिकार हा आपला एक आक्षेप होता, आणि तो आजही पोकळ वाटत नाही. तथापि या न्यायालयाचे वॉरंट डोक्यावर असलेले सुदानचे ओमर अल बशीर २०१५ मध्ये दिल्लीच्या परिषदेला पाहुणे म्हणून येऊन गेले, याला मात्र तात्त्विक आक्षेप म्हणणे कठीण आहे.

२०२३ मध्ये पुतिन आणि २०२४ मध्ये नेतान्याहू यांच्यावर वॉरंटे निघाली. नेतान्याहूंच्या वॉरंटानंतर अमेरिकेने २०२५ मध्ये न्यायालयाच्या अधिकाऱ्यांवरच निर्बंध घातले. उलट फिलिपिन्सचे माजी अध्यक्ष दुतेर्ते त्याच वर्षी हेगला पोचले, कारण मनिलातील सत्ता फिरली होती. कोणते वॉरंट कधी बजावले जाईल, हे न्यायाधीशांच्या हाती नाही. पुरावा जपून ठेवणे तेवढे त्यांच्या हाती आहे.

म्लादिचची जन्मठेप अपिलात कायम झाली ती ८ जून २०२१ रोजी. स्रेब्रेनित्साजवळच्या पोतोचारी येथे दर ११ जुलैला नव्याने ओळख पटलेल्यांचे दफन होते. प्रेते यंत्रांनी हलवल्यामुळे एकाच माणसाची हाडे दोन-तीन ठिकाणी सापडतात, आणि काही कुटुंबांना एकदा बुजवलेले थडगे पुन्हा उघडावे लागते. सुमारे सात हजार जणांची ओळख पटली आहे. उरलेल्यांसाठी खोदकाम सुरूच आहे.