चिरफाड? ती कुठे असते?

वसईत ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीत परवा एका वक्त्याने प्रोस्टेटच्या ऑपरेशनवर तासभर भाषण ठोकले. सांगणे एवढेच: जुनी पद्धत म्हणजे चिरफाड; लेसर म्हणजे ना रक्त, ना नळी, ना धोका. अजूनही जुने करून घेतो तो अडाणी.

चिरफाड? टीयूआरपी, म्हणजे आपले दुर्बिणीचे ऑपरेशन, त्यात पोटावर ओरखडाही उठत नाही. दुर्बीण लघवीच्या वाटेने जाते आणि विजेवर चालणाऱ्या तारेच्या कडीने वाढलेली ग्रंथी आतून खरवडतात. लेसरही त्याच वाटेने जातो. होल्मियम लेसरने ग्रंथीचा गर आवरणापासून सोडवून मूत्राशयात ढकलतात, बारीक करून ओढून काढतात. कापणे दोन्हीकडे आहेच. पोट उघडायचे ऑपरेशन निराळे, फार मोठ्या ग्रंथीसाठीचे. त्याची भीती या गृहस्थांनी दुर्बिणीच्या माथी मारली. आगाशीच्या माझ्या काकांचे दुर्बिणीने झाले तेव्हा उशाशी मी होतो. नळीतून सलाईन आत जात होते, पिशवीत लाल पाणी उतरत होते; पहाटे ते गुलाबी झाले, दुपारी फिकट. टाका एकही नाही. काढलेले तुकडे बाटलीतून तपासणीला गेले. ग्रीनलाइट लेसरने ग्रंथीची वाफच होते, तपासायला तुकडा उरत नाही. नळी लेसरनंतरही लागते, बहुधा कमी वेळ.

मोतीबिंदूच्या वेळीही मी हेच भांडलो होतो. फेको ध्वनिलहरींनी होते, तरी घरोघर ‘लेसरने काढला’ म्हणतात. शब्द चकचकीत असला की माणूस पुढचे विचारत नाही, याची मला चीड येते.

ब्रिटनमधल्या सात रुग्णालयांत 410 पुरुषांवर थुलियम लेसर आणि टीयूआरपी ताडून पाहिले. निष्कर्ष 2020 साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. त्रास दोन्हींत सारखाच कमी झाला, रुग्णालयातला मुक्कामही सारखा. लघवीची धार टीयूआरपीची सरस. वीर्य उलटे मूत्राशयात जाणे दोन्हींकडे होते. त्यावर भाषणात अवाक्षर नव्हते.

लेसरशी माझे वैर नाही. ग्रंथी फार मोठी असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर होल्मियमच घ्यावा. मध्यम ग्रंथीला मात्र सर्जनचा हात ज्यावर बसला आहे ते करावे, आणि सर्जन हाकेच्या अंतरावर असावा. काकांची लघवी दहाव्या रात्री रक्ताच्या गाठीने अडली. आम्ही रिक्षा करून निघालो, सर्जननी नळीतून गाठी धुऊन काढल्या, आणि उजाडता उजाडता काकांनी चहा मागितला.